कमी बजेटमध्ये नवा डेस्कटॉप: कोणता भाग आधी, कोणता नंतर

पीसी चालू केल्यावर डेस्कटॉप दिसायला तीन-चार मिनिटं, ब्राउझर उघडायला आणखी एक, आणि दोन टॅब जास्त झाले की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. आठ-दहा वर्षं जुन्या पीसीवर काम करणाऱ्यांना हे रोजचंच आहे. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि त्याच्या अधिकृत यादीत साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर आहेत. त्यामुळे बरे चालणारे पीसीही अनेकांना बदलावे लागताहेत.

बजेट मोजकं असलं की चुकीला जागा नसते. म्हणून प्रत्येक भाग निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: हा भाग उद्या बदलायचा झाला, तर काय काय उचकटावं लागेल? रॅमची आणखी एक स्टिक लावणं दोन मिनिटांचं काम आहे. दुसरी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) पाच मिनिटांत बसते. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे मात्र अख्खं कॅबिनेट रिकामं करायचं, आणि सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डवरची जागा) बदललं तर प्रोसेसरही नवा, कधीकधी रॅमही नवी. तेव्हा जे सहज बदलता येत नाही त्यावर आज नीट पैसे घाला, आणि जे नंतर वाढवता येतं ते आज थोडक्यात भागवा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: जुन्या पीसीला नेमकं काय झालंय ते बघा

नवीन काही घेण्याआधी अर्धा तास जुन्या पीसीला द्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातलं परफॉर्मन्सचं पान उघडं ठेवून तुमचं नेहमीचं काम करा आणि पीसी अडखळतो त्या क्षणी आकडे बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर असेल, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर अडकली असेल तर रॅम अपुरी पडतेय. प्रोसेसरच शंभरीला टेकला असेल तर मात्र तो थकलाय. पहिल्या दोन्ही प्रकारांत एक साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच वायरीने जोडायची) किंवा रॅमची स्टिक लावून पीसी दोन-तीन वर्षं आरामात चालतो, आणि तीच एसएसडी पुढे नव्या पीसीतही जाते. प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नसेल आणि काम फक्त ब्राउझर, मेल आणि कागदपत्रांचं असेल, तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली टाकून बघण्यात काहीच तोटा नाही.

कॅबिनेटची बाजूची पत्रीही उघडून बघा. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची गादी बसली असेल, तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. ती काढून थर्मल पेस्ट बदलली की फरक लगेच जाणवतो. रोज तारीख-वेळ मागे जात असेल तर सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपलाय, बाकी काही नाही. पण मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची टोकं फुगलेली दिसली, किंवा त्यातून तपकिरी द्रव पाझरलेला दिसला, तर त्या बोर्डवर आता एक पैसाही घालू नका.

पायरी २: जुन्यातलं काय पुढे न्यायचं

मॉनिटर, कीबोर्ड, माउस, स्पीकर आणि साटा एसएसडी हे सगळं बिनधास्त वापरा. जुनी हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओंच्या साठ्यासाठी ठेवता येते, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्याच्या वर आणि वाढता असेल, तर तिच्यातला डेटा आजच दुसरीकडे हलवा.

डीडीआर३ रॅम नव्या बोर्डवर बसतच नाही, तिची खाचच वेगळ्या जागी असते. कॅबिनेट साध्या एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स मापाचं असेल तर चालेल. कंपनीने तयार जोडून विकलेल्या पीसीत मात्र बोर्डचा आकार, स्क्रूच्या जागा आणि एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) कनेक्टर त्या कंपनीचं स्वतःचं असू शकतं. अशा डब्यात बाजारातला साधा बोर्ड घालायला गेलात की तासाभराने कळतं की भोकंच जुळत नाहीत. आधी मोजा: एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४.

मॉनिटरवर फक्त निळं व्हीजीए पोर्ट असेल तर दोन वाटा आहेत. एक तर व्हीजीए असलेला बोर्ड बघा, नाहीतर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा ॲक्टिव्ह ॲडॉप्टर घ्या. आत चिप नसलेली नुसती वायर इथे चालत नाही, कारण एका टोकाला डिजिटल सिग्नल आहे आणि दुसऱ्या टोकाला ॲनालॉग.

विंडोजच्या परवान्याकडेही आत्ताच लक्ष द्या. तयार पीसीसोबत आलेला ओईएम परवाना जुन्या मदरबोर्डला बांधलेला असतो, तो नव्यावर येत नाही. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना हलवता येतो. ओईएम असेल तर नव्या परवान्याचा खर्च आजच बजेटमध्ये धरा.

पायरी ३: काम लिहून काढा

"सगळ्यासाठी चालेल असा पीसी" हे काही काम नव्हे. कागदावर पाच ओळी लिहा: रोज काय उघडतं, आठवड्यातून एकदा काय, आणि येत्या तीन वर्षांत काय येऊ शकतं. अभ्यास, ऑफिसची कामं, व्हिडिओ कॉल आणि सिनेमे एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. फोटो आणि हलकं व्हिडिओ एडिटिंग असेल तर सहा कोअरचा प्रोसेसर आणि जास्त रॅम हवी. नवे गेम खेळायचे असतील तर बजेटचा मोठा घास ग्राफिक्स कार्ड घेणार, हे आधीच मान्य करून बाकीचं जुळवा.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून साधारण निम्मे पैसे जाऊ द्यावेत, उरलेल्यात रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट. कार्ड असेल तर एकट्या कार्डाला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त. ही वाटणी ढोबळ आहे, पण एखादा भाग फार पुढे पळायला लागला की लगेच लक्षात येतं.

पायरी ४: प्रोसेसर आणि सॉकेट

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सॉकेट एकदा ठरलं की पुढची पाच-सात वर्षं तुमचे पर्याय ठरतात.

आधी नावामागची अक्षरं समजून घ्या. इंटेलच्या नावाअखेरीस 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवणारी चिप नाही. कोअर आय३-१२१०० मध्ये ती आहे, आय३-१२१००एफ मध्ये नाही. एफवाला थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला, वेगळं कार्ड घेतलं नाही, आणि सगळं जोडल्यावर पंखे फिरताहेत पण पडदा काळा, ही नेहमी घडणारी चूक आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर नियम उलटा लावायचा: रायझन ५ ५६००जी मधला 'जी' असेल तरच चित्र येतं. साध्या ५६०० किंवा ५५०० ला कार्ड लागतंच. एएम५ वर आलेल्या रायझन ७००० मालिकेत बहुतेकांमध्ये छोटी ग्राफिक्स चिप असते, पण नावात एफ असेल तर तिथेही नाही.

आता सॉकेट. बजेटवाल्यांसमोर मुख्यतः तीन आहेत.

एएम४ जुना आहे. पहिले रायझन २०१७ मध्ये त्यावर आले. रॅम डीडीआर४. रायझन ५ ५६००जी मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड आणि कामापुरती ग्राफिक्स चिप आहे, आणि घरच्या कामासाठी मला तो अजूनही अगदी समाधानकारक वाटतो. त्याची मर्यादा अशी की तो पीसीआयईच्या, म्हणजे कार्डाला जोडणाऱ्या डेटाच्या वाटेच्या, तिसऱ्या पिढीवरच चालतो. ही गोष्ट ग्राफिक्स कार्डाच्या वेळी परत येईल.

इंटेलचं एलजीए१७०० हे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं सॉकेट. आय३-१२१०० मध्ये चार कोअर, आय५-१२४०० मध्ये सहा. याचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात तर काही डीडीआर५. एकच बोर्ड सहसा दोन्ही घेत नाही, तेव्हा बोर्डच्या नावाखालची ओळ नीट वाचा. इंटेलचे पुढचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए१८५१ वर गेले, म्हणजे या सॉकेटवर पुढची वाट चौदाव्या पिढीपाशी संपते.

एएम५ २०२२ मध्ये आला आणि त्यावर फक्त डीडीआर५ चालते. किमान २०२७ पर्यंत या सॉकेटला साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. ही साथ कागदावरची नसते, याला एएम४ चा दाखला आहे. २०१७ मधल्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डमधला मूळ प्रोग्रॅम) अपडेट करून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसवता आले. बोर्ड तोच, रॅम तीच, विंडोजही तीच, आणि पीसी मात्र चार-पाच वर्षांनी पुढे गेला.

माझं मत असं: पीसी एकदा जोडून सहा-सात वर्षं हात लावायचा नसेल आणि काम साधं असेल, तर एएम४ किंवा डीडीआर४ चा एलजीए१७०० घ्या, वाचलेले पैसे एसएमपीएस आणि एसएसडीत घाला. पुढे हळूहळू वाढवत न्यायचा असेल, तर थोडं ताणून एएम५ घ्या आणि बाकी सगळं आज कमी ठेवा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. त्यामुळे जुन्या पीसीत चांगली डीडीआर४ असेल तर तिच्याच सॉकेटवर राहण्याला आज पूर्वीपेक्षा जास्त अर्थ आहे.

पायरी ५: मदरबोर्ड

मदरबोर्डवर पैसे घालायचे ते रंगीत दिव्यांसाठी नाही, खाचा आणि पोर्टांसाठी. माझी यादी छोटी आहे. रॅमचे निदान दोन स्लॉट, शक्य असेल तर चार. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घेणारे दोन एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडी थेट बोर्डवर बसवायच्या खाचा. मागे पुरेसे यूएसबी. आणि प्रोसेसरभोवतीच्या पॉवर सर्किटवर धातूचा हीटसिंक, निदान सहा कोअर आणि त्यावरच्या प्रोसेसरसाठी.

चिपसेटचं, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपचं, नावही पुढच्या वाढीबद्दल सांगतं. इंटेलचा एच६१० सगळ्यात खालचा. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट आणि अनेकदा एम.२ चा एकच. कधीच वाढवायचं नसेल तर चालतो, नाहीतर बी६६० किंवा बी७६० बघा. एएमडीत ए५२० पेक्षा बी५५०, आणि एएम५ वर ए६२० पेक्षा बी६५०. वरचा झेड किंवा एक्स चिपसेट बजेट पीसीला लागत नाही.

एक तपासणी कधीच चुकवू नका: बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर त्या मॉडेलची प्रोसेसर सपोर्टची यादी असते. तुमचा प्रोसेसर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते त्यात लिहिलेलं असतं. बराच काळ गोदामात पडून असलेल्या बोर्डात जुनं बायोस असेल तर नवा प्रोसेसर त्याला ओळखतच नाही. बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं. दोन बोर्डांमध्ये निवड अडली तर हे बटण असलेला घ्या.

पायरी ६: रॅम

आज नव्या पीसीत १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. अगदीच बजेट संपलं असेल तर ८ ची एक स्टिक घ्या आणि दुसरी लवकरच घालायची असं ठरवूनच घ्या.

१६ ची एक स्टिक की ८ च्या दोन? प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या पीसीसाठी दोन. अशा चिपला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच उसनी घेते. दोन स्टिक लावल्या की दोन वाहिन्या उघडतात आणि रॅमकडून येणारी वाट दुप्पट रुंद होते, त्यामुळे गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो. वेगळं कार्ड असेल आणि बोर्डावर दोनच स्लॉट असतील, तर १६ ची एक घेऊन नंतर तशीच दुसरी घालणंही समंजसपणाचं आहे.

वेगाच्या मागे फार धावू नका. डीडीआर४ मध्ये ३२००, डीडीआर५ मध्ये ५६०० किंवा ६००० पुरे. उंच पत्र्यांच्या स्टिक मोठ्या कूलरला अडतात, साध्या घ्या.

पायरी ७: एसएसडी

जुन्या पीसीतून आलेल्या माणसाला सगळ्यात मोठा बदल इथेच जाणवतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक छोट्या फाइलसाठी डोकं त्या जागी न्यायचं आणि तबकडी फिरून यायची वाट बघायची. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली वाचते. एसएसडीत फिरणारं काही नाही, वाट बघणं जवळजवळ संपतं.

म्हणूनच साटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी आणि तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमईचा ३५०० च्या आसपास असला, तरी रोजच्या वापरात या दोघांतला फरक हार्ड डिस्क सोडताना जाणवला तितका जाणवत नाही. भाव जवळपास सारखे असतील तर एनव्हीएमईच घ्या, वायरही वाचतात. ७००० चा आकडा छापलेल्या एसएसडीवर बजेट पीसीत पैसे घालू नका.

क्षमता ५०० जीबीपासून पुढे. खोक्यावर किंवा माहितीपत्रात टीएलसी लिहिलेलं बघा. क्यूएलसीत एका पेशीत तीनऐवजी चार बिट कोंबलेले असतात, त्यामुळे मोठी फाइल लिहिताना वेग मध्येच कोसळतो आणि लिहिण्याचं आयुष्यही कमी असतं. आणि एम.२ आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते, काही साटाच्या असतात. बोर्डचा स्लॉट कोणती घेतो ते माहितीपुस्तिकेत बघा. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट भरला की साटाची एक-दोन पोर्टं बंद पडतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

पायरी ८: एसएमपीएस, म्हणजे जिथे काटकसर करायची नाही

माझ्या आधीच्या पीसीत कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस होता. चार वर्षं काही तक्रार नव्हती, म्हणून मी त्याकडे बघितलंही नाही. एका संध्याकाळी फट्ट असा आवाज झाला, खोलीभर जळका वास पसरला आणि पीसी बंद. दुसरा एसएमपीएस लावल्यावर मदरबोर्ड उठला, हार्ड डिस्क मात्र कायमची गेली. तिच्यातले फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. त्या दिवसापासून मी भागांच्या यादीत एसएमपीएस शेवटी लिहायचं सोडलं.

एसएमपीएस कसा बघायचा, ते त्याच्या कडेवरच्या चिठ्ठीवरून कळतं. वर मोठ्या अक्षरात '५०० वॉट' असेल, पण तुम्ही १२ व्होल्टच्या खालचा अँपिअरचा आकडा शोधा. तिथे २५ असेल तर १२ गुणिले २५, म्हणजे फक्त ३०० वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे खरा एसएमपीएस ३०० चाच. चांगल्या ५५० वॉटच्या चिठ्ठीवर हा आकडा ४५ च्या आसपास असतो, म्हणजे ५४० वॉट. दुकानात उभं राहून हा गुणाकार करायला दहा सेकंद लागतात.

८० प्लसची खूण कार्यक्षमतेबद्दल आहे: साध्या ८० प्लसला २०, ५० आणि १०० टक्के भारावर निदान ८० टक्के कार्यक्षमता लागते. ही खूण असणं चांगलंच, पण आतल्या भागांचा दर्जा किंवा संरक्षणाची सर्किटं तिच्यातून कळत नाहीत. वॉरंटी पाच वर्षं किंवा जास्त असेल तर बनवणाऱ्याचा स्वतःच्या मालावर विश्वास आहे असं मी धरतो.

किती वॉटचा? कार्ड नसलेला सहा कोअरचा पीसी पूर्ण भारावरही साधारण दीडशे वॉटच्या आत राहतो. त्याला चांगल्या बनावटीचा ४५० पुरून उरतो. नंतर मध्यम कार्ड घालायचा विचार असेल तर आजच ५५० घ्या. मॉड्युलर (वायरी वेगळ्या काढता येणारा) एसएमपीएस घेतला तर त्याच्याच वायरी वापरा. दुसऱ्या मॉडेलची वायर खाचेत बसली तरी आतल्या पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि त्यात डिस्क जळतात.

पायरी ९: ग्राफिक्स कार्ड, लागत असेल तरच

आज घ्यायचं नसेल तर ही पायरी नंतरसाठी ठेवा. घ्यायचं असेल तर तीन गोष्टी.

पहिली वीज. मदरबोर्डचा मोठा स्लॉट कार्डाला ७५ वॉट देतो. जीटीएक्स १६५० चे काही प्रकार आणि ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० एवढ्यावरच चालतात, वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट आणि ८ पिनांची वायर लागते.

दुसरी गोष्ट लेन, म्हणजे पीसीआयईच्या समांतर वाटा, आणि इथे बरेच जण फसतात. आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० ही कार्डं पीसीआयईच्या फक्त चार लेन वापरतात. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते भागतं. तिसऱ्या पिढीवर, म्हणजे जुन्या बोर्डावर किंवा ५६००जी सोबत, प्रत्येक लेनचा वेग निम्मा होतो आणि कार्डाचा श्वास कोंडतो. त्यांच्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागही नाही. असाच प्रकार उलट्या बाजूनेही आहे: एएम५ वरचा रायझन ५ ८५००जी स्वतःच ग्राफिक्स कार्डाला चारच लेन देतो. पुढे कार्ड घालायचं नक्की असेल, तर त्याच्याऐवजी रायझन ५ ७६०० घ्या. त्याची अंगची ग्राफिक्स चिप छोटी आहे, पण कार्ड येईपर्यंत पडद्यावर चित्र देते आणि कार्ड आल्यावर पूर्ण वाट मोकळी करते.

तिसरी मेमरी. नव्या गेमसाठी ८ जीबीपेक्षा कमी नको. इंटेलच्या आर्क कार्डांना बायोसमध्ये रिसायझेबल बार ही सोय चालू असावी लागते, ती तुमच्या बोर्डावर आहे ना ते आधी बघा.

पायरी १०: कॅबिनेट आणि कूलर

पुढचं तोंड जाळीचं असलेलं, पुढे एक आणि मागे एक पंखा असलेलं कॅबिनेट घ्या. पुढे अखंड काच असेल तर हवा आत येणार कुठून? कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मावते का ते मोजा. प्रोसेसरसोबत कूलर मिळत असेल, जसा ५६००जी किंवा ७६०० सोबत मिळतो, तर तोच वापरा. नावात एक्स किंवा के असलेल्यांसोबत अनेकदा मिळत नाही.

पायरी ११: पैसे देण्याआधी सगळं एका कागदावर

साध्या घरासाठी माझा संच असा असता: रायझन ५ ५६००जी, बी५५० चा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, ५०० जीबीची टीएलसी एनव्हीएमई आणि ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस. वाढवत न्यायचा असेल तर रायझन ५ ७६००, बी६५०, डीडीआर५ ची १६ ची एक स्टिक, तीच एसएसडी आणि ५५० वॉट. दुसऱ्या संचात आज ग्राफिक्स दुबळं राहील. तरीही चार वर्षांनी त्यात काय काय घालता येईल याची यादी पहिल्यापेक्षा बरीच लांब आहे.

तुमचा कागद झाला की प्रत्येक जोडी तपासा: प्रोसेसर आणि सॉकेट, प्रोसेसर आणि बायोस, रॅमची पिढी आणि बोर्ड, बोर्डचं माप आणि कॅबिनेट, कूलर आणि कॅबिनेटची रुंदी, मॉनिटरचं पोर्ट आणि मागचं पोर्ट. शक्यतो सगळे भाग थोड्या दिवसांत एकदमच घ्या. एक भाग आज आणि दुसरा तीन महिन्यांनी घेतला, तर पहिल्याची बदलून मिळण्याची मुदत तो चालू करून बघण्याआधीच संपते.

वापरलेले भाग घ्यायचे असतील तर प्रोसेसर आणि रॅम यांत धोका कमी. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क वापरलेली कधीच घेऊ नका.

पायरी १२: जोडणी आणि पहिली सुरुवात

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून चालवून बघा. फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक, एसएमपीएस आणि मॉनिटर (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स चिप नसेल तर कार्डही). बायोसचा पडदा दिसला की निम्मी काळजी मिटली.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. दोन्ही जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एलजीए१७०० आणि एएम५ मध्ये सॉकेटला. तिथे बोट लागलं तरी पिन वाकते. रॅम मात्र जोर मागते, दोन्ही टोकांना कट् असा आवाज येईपर्यंत दाबा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात.

बोर्ड डब्यात बसवताना खालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) बोर्डच्या भोकांखालीच आहेत ना, ते बघा. जुनं कॅबिनेट वापरताना एखादा जास्तीचा स्टँडऑफ भलत्या जागी राहतो आणि बोर्डाच्या पाठीला शॉर्ट करतो. पीसी उठला नाही तर आधी वर डावीकडची प्रोसेसरची ८ पिनांची वायर बघा, २४ पिनांची लावून ही विसरते. वेगळं कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डातच लावा.

बायोसमध्ये गेल्यावर एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा. ते केलं नाही तर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. टीपीएम चालू आहे ना ते बघा. एएमडीत ते एफटीपीएम आणि इंटेलमध्ये पीटीटी या नावाने असतं. मग पहिल्या रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालू ठेवून झोपा. सकाळी एकही चूक दिसली तरी रॅम बदलून घ्या, मुदत असतानाच.

पायरी १३: जुना पीसी लगेच मोडू नका

जुन्या पीसीवर बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर काहीही सोडवण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर ती डिस्क नव्या पीसीत उघडणार नाही. ब्राउझरमधले पासवर्ड, हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या फाइली, डेस्कटॉपवरचे फोल्डर हे सगळं नव्या पीसीवर आलं असं वाटल्यानंतरही महिनाभर जुनी डिस्क तशीच ठेवा. काहीतरी एक नेहमी राहिलेलं असतं.

पीसी कुणाला देताना डिस्क पुसूनच द्या. क्विक फॉरमॅटने फाइली जात नाहीत, फक्त त्यांची यादी जाते. हार्ड डिस्कला विंडोजमधून क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या, त्यात संपूर्ण तबकडीवर शून्यं लिहिली जातात आणि काही तास लागतात. एसएसडीसाठी तिच्या कंपनीच्या प्रोग्रॅममधला सिक्युअर इरेज वापरा. बिघडलेला एसएमपीएस मात्र उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ जीवघेणा विद्युतदाब टिकून राहू शकतो. तो तसाच बंद ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.